साडेतीनचा चार्ज : आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरचा कॅपस्टोन प्रोजेक्ट सुरू झाला. गाइड सरांनी प्रत्येक ग्रुपला एक वही करायला सांगितली. दर आठवड्याला सही, आणि नोंद नसेल तर सही नाही. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण म्हणे माझं अक्षर बरं आहे. खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. मला नाही म्हणता येत नाही.

आम्ही चौघं, चौघंही नोकरी करून संध्याकाळच्या बॅचला. मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी लेथवर, आयटीआय झाल्यापासून चौथं वर्ष. एक जण चाकणला स्टोअर्समध्ये, एक जण मोशीत फॅब्रिकेशनला, एक जण पिंपरीत डिझाइन ऑफिसात दिवसभर ऑटोकॅडवर. वहीत खरी नावं टाकायची नाहीत असं ठरलं. म्हणून चाकणवाला, मोशीवाला आणि डिझाइनवाली. कंपनीही नुसती ‘आमचं शॉप’.

विषय: लेथवरचा सेटिंग टाइम, म्हणजे एक जॉब उतरवून दुसऱ्यासाठी मशीन तयार करायला लागणारा वेळ, कमी करणे. तो माझ्या शॉपमधला, कारण आमच्या मालकांनी हो म्हटलं. बाकी दोघांच्या गेटवर मोबाइल जमा करून घेतात, आणि मोशीवाल्याच्या शॉपला गेटच नाही.

९ जानेवारी, गुरुवार

प्लॅनिंग करायला बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासात कळलं की चौघांना सुट्टीचा एक दिवस सामाईक नाही. भोसरीला गुरुवारी बंद. चाकणवाल्याला रविवार. डिझाइनवालीला शनिवार-रविवार. मोशीवाल्याला काम नसेल तेव्हा सुट्टी, आणि काम नसेल तेव्हा पगारही नाही, म्हणून तो ‘सुट्टी’ हा शब्द आनंदाने उच्चारत नाही.

डिझाइनवालीने एक्सेलमध्ये बारा आठवड्यांचा गँट चार्ट, म्हणजे कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता केला. रंगीत पट्ट्या, सुबक. त्यात संक्रांत होती, शिवजयंती होती, युनिट टेस्ट होती. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे आम्ही चौघं एका जागी कधी असणार. शेवटी ठरलं की लेक्चर संपल्यावर पावणेनऊ ते साडेनऊ, गेटसमोरच्या टपरीवर. चहाचे पैसे आळीपाळीने.

१३ जानेवारी, सोमवार

काल पहिलं रीडिंग घ्यायचं होतं. मशीन मी चालवणार, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या कुणीतरी काढायला हवा. शुक्रवारी ग्रुपवर टाकलं: “रविवारी सकाळी अकराला सेटिंग बदलतोय, रीडिंगला या.” तिघांचे तीन अंगठे आले. मी निश्चिंत.

अकराला कुणी नाही. साडेअकराला फोन लावला तर चाकणवाला म्हणाला, “अरे, डिझाइनवालीने अंगठा दिला होता ना, मला वाटलं ती येतेय.” तिला वाटलं मोशीवाला जवळचा, तो जाईल. मोशीवाल्याचा अंगठा ‘वाचलं’ या अर्थाचा होता.

आजपासून ग्रुपवर अंगठा बंद. येणार असाल तर “मी येतो” लिहायचं, वेळेसकट. लिहायला तीन सेकंद जास्त लागतात, पण लिहिताना माणूस एकदा स्वतःला विचारतो की खरंच जाणार आहे का.

१९ जानेवारी, रविवार

झालं एकदाचं. चाकणवाला आणि डिझाइनवाली दोघं आले, सेफ्टी शूज मागून घेतले, सुपरवायझर साहेबांनी पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभं राहायच्या अटीवर परवानगी दिली.

जुना जॉब उतरवून फ्लँजचा (मधे भोक असलेल्या चकतीचा) जॉब चढवला. शेवटचा चांगला पीस ते नव्याचा पहिला पास पीस: १३४ मिनिटं. रात्री टपरीवर व्हिडिओ लावून एकेक मिनिट मोजलं. प्रत्यक्ष पाना फिरवणं, जॉ (जॉब पकडणारे जबडे) बसवणं, जॉ बोअर करणं, टूल लावणं, हे सगळं मिळून ४१. शोधाशोध ३८. पहिला पीस क्यूसीत (तपासणी विभागात) नेऊन पास होण्याची वाट बघणं २९. ड्रॉइंगचं रिव्हिजन हेच का, हे तीन माणसांना विचारणं ११. उरलेली १५ मिनिटं व्हिडिओत मी दिसतच नाही. मलाही आठवेना कुठे होतो.

स्वतःला काम करताना बघणं वाईट. सहा नंबरची ॲलन की शोधत मी शेजारच्या मशीनला दोनदा फेरी मारली, आणि तिसऱ्यांदा ती माझ्याच खिशात सापडली. डिझाइनवाली तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावत होती.

२२ जानेवारी, बुधवार

गाइड सरांना आकडे दाखवले. सर म्हणाले, शिगेओ शिंगो वाचा. हा जपानी इंजिनिअर १९५० साली हिरोशिमात मोटारीच्या कारखान्यात प्रेसचं काम बघत होता. डाय (साचा) बदलताना एक बोल्ट सापडेना म्हणून कामगार तो हुडकायला निघून गेला आणि अवाढव्य प्रेस नुसता उभा राहिला. तिथून त्याने सेटिंगचे दोन भाग केले: मशीन थांबल्यावरच करता येतं ते, आणि मशीन चालू असतानाही करून ठेवता येतं ते. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं.

मला त्या तीन मिनिटांपेक्षा बोल्ट शोधणारा माणूस जवळचा वाटला.

३० जानेवारी, गुरुवार

सुट्टी असून शॉपवर गेलो. मोशीवाल्याने भंगारातल्या अँगलची ट्रॉली वेल्ड करून आणली होती. जॉना नंबर घातले, ॲलन की साखळीला बांधल्या, पुढच्या जॉबचं टूलिंग आदल्या शिफ्टमध्येच ट्रॉलीवर. परवाच्या सेटिंगला साध्या खोक्यातच सामान लावून बघितलं होतं, ८६ मिनिटं लागली. सरांची सही मिळाली. प्रोजेक्ट संपल्यात जमा आहे असं चौघांना वाटायला लागलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वहीत लिहू की नको, असा तासभर विचार केला. लिहितो.

फ्लँजचं बोअर (मधलं भोक) ४२ एच७, म्हणजे ४२.००० ते ४२.०२५ मिलिमीटर. पंचवीस मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) गल्ली. इन्सर्ट (टूलचं कापणारं, बदलता येणारं टोक) झिजत जातो तसं बोअर लहान येतं, मग वेअर ऑफसेटमध्ये (झिजेच्या भरपाईसाठी मशीनला दिलेल्या आकड्यात) एकेक शतांश मिलिमीटर वाढवत जायचं. दुपारपर्यंत मी तीनदा मिळून पॉइंट झिरो थ्री वाढवलं होतं. इन्सर्ट आता बदलायलाच आला होता. सव्वातीन होऊन गेले होते. पाचला लेक्चर, त्याआधी रूमवर जाऊन अंघोळ, नाहीतर कूलंटचा वास वर्गभर. दुसऱ्या शिफ्टचा ॲप्रेंटिस आला. मी हात पुसता पुसता त्याला म्हणालो, “इन्सर्ट बदल रे, बाकी ओके.” शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: ओके. आणि पळालो.

त्याने इन्सर्ट बदलला. ऑफसेट वाढवलेला आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नवा इन्सर्ट, वर जुने तीस मायक्रॉन. मी ४२.०१२ वर चालवत होतो, त्याचं बोअर ४२.०४२ वर गेलं. पोराने पहिला पीस तपासला, नाही असं नाही. गो गेज (बोअर लहान नाही ना, हे बघायचा) घातला, सुळकन गेला. जाणारच, बोअर मोठंच होतं. मोठं बोअर पकडतो तो नो-गो, आणि तो सकाळीच कॅलिब्रेशनला गेला होता. चलनावर सही माझी. हेही मी बोललो नव्हतो.

पावणेसहाला क्यूसीचे साहेब राउंडला आले, बोअर गेज लावला, मशीन थांबवलं. ३४ पीस. लहान असते तर रिवर्क झाले असते. मोठ्याला औषध नाही. लाल बिन भरला.

मी तेव्हा वर्गात होतो, फोन बॅगेत सायलेंटवर. सात मिस्ड कॉल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मीटिंग. सुपरवायझर साहेबांनी रजिस्टर उघडून पहिला प्रश्न विचारला, “नाव कुणाचं?” रजिस्टरच्या उजव्या टोकाला एक रकाना आहे: जबाबदार व्यक्ती. काल रात्री तिथे त्या पोराचं नाव लिहून झालं होतं. त्याला विचारलं, पहिला पीस का नाही तपासलास? तो म्हणाला, तपासला होता. पुढे काही बोलला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

मीही काही बोललो नाही.

असं नाही की संधी नव्हती. साहेबांनी “अजून कुणाला काही?” असं विचारलं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच हिशेब: पुढच्या महिन्यात परमनंटच्या लिस्टचं बघतो म्हणालेत. मग मीटिंग संपली आणि सगळे आपापल्या मशीनला गेले. मीटिंगला एकूण सहा मिनिटं लागली.

१६ फेब्रुवारी, रविवार

त्या पोराला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की चूक माझीही होती, मी रजिस्टरमध्ये लिहितो. तो डबा उघडत म्हणाला, “दादा, आता लिहून काय? पानाचा फोटो एचआरला गेला.” मग त्यानेच त्याच्या डब्यातली मटकी माझ्या झाकणात वाढली, ते जास्त लागलं.

तरी लिहिलं. ११ तारखेच्या ओळीखाली, तिरक्या अक्षरात: ऑफसेट +०.०३ होता, मी सांगितलं नाही, नो-गो बाहेर होता, तेही सांगितलं नाही. सही.

आमच्या सेटर काकांनी ते वाचलं. काका जतकडचे, शॉपमध्ये सर्वांत जुने. म्हणाले, “येडा हायस का? लिवलेलं अडकतंय बघ. बोललेलं कोण धरतंय?”

हे ऐकून रजिस्टर मागे उलटत गेलो. डिसेंबर आणि जानेवारी, गुरुवार आणि २६ जानेवारी सोडून ५२ दिवस, तीन शिफ्ट, १५६ ओळी. १३८ ओळींत फक्त ‘ओके’. उरलेल्या १८ बघितल्या: लाइट गेली, मटेरियल नाही, कूलंट पंप बंद, पुन्हा लाइट गेली. म्हणजे लिहिलं गेलंय ते तेवढंच, ज्यात कुणाही माणसाचं नाव येत नाही. एका ओळीत तर जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात कुणीतरी प्रामाणिकपणे ‘लाइट’ असं लिहिलंय.

आमच्या शॉपमध्ये दोन महिन्यांत एकही ऑफसेट हलला नाही, एकही गेज बाहेर गेला नाही, असं हे रजिस्टर सांगतं. ऑडिटला आम्ही तेच दाखवतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टपरीवर वाद झाला. मी म्हटलं, प्रोजेक्टमध्ये चार्ज देण्या-घेण्याचा, म्हणजे शिफ्ट बदलताना मशीन पुढच्याच्या हवाली करण्याचा भाग घालू. मोशीवाला उखडला. “ट्रॉली झाली, आकडा आला, आता काय माणसं दुरुस्त करणार का?” चाकणवाला म्हणाला, परीक्षकांना ट्रॉली हाताला लागते, रजिस्टरचं काय दाखवणार? दोघांचं चुकीचं नव्हतं. आधी ठरवलेलं मध्येच बदलायचं तर चार्टमधल्या सगळ्या पट्ट्या सरकतात, आणि त्या सरकवणारी डिझाइनवाली एकटी.

तिनेच मग एक उदाहरण काढलं. पायपर अल्फा, स्कॉटलंडपासून दूर उत्तर समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. दोन पंपांपैकी एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीने दुरुस्तीला काढला होता आणि जागी नुसतं झाकण बसवलं होतं. पंपाच्या दुरुस्तीचा कागद वेगळा, व्हॉल्व्हचा वेगळा. रात्रपाळीला पहिला माहीत होता, दुसरा नाही. चालू पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी व्हॉल्व्ह नसलेला पंप सुरू केला. झाकणातून वायू गळला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

टपरीवर जरा वेळ कुणी बोललं नाही. मोशीवाला म्हणाला, “आपलं चौतीस फ्लँजवर भागलं.” त्यालाच मग रजिस्टरचा स्टँड करायचं काम दिलं.

तरी मला एक खटकलंच. इतकं मोठं उदाहरण दिलं की आपलं छोटं दुखणं उगाच भारी वाटायला लागतं. आमच्याकडे कुणी मरत नव्हतं. एका ॲप्रेंटिसचं नाव खराब झालं आणि मी गप्प बसलो, एवढंच. रिपोर्टात पायपर अल्फाला चार ओळी, जास्त नाही.

३ मार्च, सोमवार

नवा कागद तयार केला. डिझाइनवालीने पहिला केला तो सोळा रकान्यांचा. काकांनी लांब धरून वाचला आणि म्हणाले, “ह्यो भरंस्तोवर पुढची शिफ्ट संपंल.” शेवटी चारच उरले: कोणत्या टूलला किती ऑफसेट, इन्सर्टवर किती पीस झाले, कोणता गेज जागेवर नाही, पुढच्याने आधी काय बघायचं. खाली दोघांच्या सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. जबाबदार व्यक्ती हा रकाना काढला.

त्याच्यावर सुपरवायझर साहेबांशी पाऊण तास गेला. मी तयारी करून गेलो होतो: माणसाला दोष देणं, भीती, विश्वास वगैरे. पहिल्याच वाक्याला साहेबांचा चेहरा बंद झाला. म्हणाले, “मग चूक झाली तर मी मालकांना काय सांगू, भीतीमुळे झाली?” मग मी ते सगळं सोडलं आणि १३८ चा आकडा सांगितला. रजिस्टर पुढ्यात ठेवून म्हटलं, “साहेब, यातून तुम्हाला आज मशीनवर काय चाललंय ते कळतं का?” त्यांनी चार पानं उलटली. “नाही कळत.” मग म्हणाले, एक महिना, एकाच मशीनवर, ट्रायल म्हणून. फॉरमॅटला नंबर घ्या, नाहीतर ऑडिटर मला खाईल.

दुसरा प्रश्न दहा मिनिटांचा. समोरासमोर चार्ज द्यायचा तर दोघं एकाच वेळी मशीनजवळ हवेत. मी थांबू? पण साडेतीननंतर माझा वेळ माझा आहे, त्याचे पैसे नाहीत. त्याने लवकर यावं? त्याला स्टायपेंड, त्याहून कमी. ‘टीमसाठी थोडं ॲडजस्ट करा’ हे वाक्य तिथे येणार हे मला माहीत होतं आणि ते आलंच. मी म्हटलं, ३:२२ ला मशीन थांबवू, दोन पीस कमी निघतील. दुसऱ्या शिफ्टचं पंचिंग तसंही ३:२० पासून होतं, चहा पिऊन यायच्याऐवजी चहा घेऊन येतील. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर दोन पीस गुणिले तीन शिफ्ट गुणिले सव्वीस दिवस केलं, ओठ मुडपले. शेजारीच लाल बिन होता. मी काही बोललो नाही, नुसतं तिकडे बघितलं.

मोठ्याने बोलण्याचा माझा स्वभाव नाही. कधी कधी ते उपयोगी पडतं.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीची हजेरी निम्मी, पण कागद भरलेला होता.

ट्रायल सुरू झाल्यापासून ३० वेळा चार्ज दिला-घेतला गेला. नुसतं ‘ओके’ किती वेळा? नऊ. पहिल्या तीन दिवसांतच सात. बदल कधी झाला तेही कळतं: ७ तारखेला काकांनी लिहिलं, “टूल ३, ऑफसेट चुकून उलटा दिला होता, दुरुस्त केला, २ पीस बाजूला ठेवलेत, बघून घेणे.” काकांनी. ज्यांनी मला येडा म्हटलं होतं त्यांनी. साहेबांनी ते वाचलं, दोन पीस तपासायला पाठवले, एक पास झाला. काकांना कुणी बोलावलं नाही, काही विचारलं नाही. त्यानंतर तिसऱ्या शिफ्टनेही लिहायला सुरुवात केली.

गाइड सर म्हणतात, ३० नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. बरोबर आहे. रिपोर्टात ‘ट्रायल चालू’ असंच लिहिणार. सेटिंग टाइम ७१ मिनिटांवर आलाय, परीक्षकांना तो पुरेल.

दुसऱ्या शिफ्टचा पोरगा बुधवारी चार्ज घेताना म्हणाला, “दादा, इन्सर्टवर किती झाले ते लिहिलं नाहीस.” मी घड्याळाकडे बघितलं, मग काउंटर बघून लिहिलं: ६२. बस गेली. पुढच्या बसने गेलो, अंघोळ न करता, कूलंटच्या वासासकट.

२८ मार्च, शुक्रवार

ट्रायल पुढे चालू ठेवायचं ठरलं, म्हणून ऑफिसने शंभर पानांचं रजिस्टर छापून आणलं. जाड पुठ्ठा, कंपनीचा लोगो, फॉरमॅट नंबर, रिव्हिजन ०१. आमचे चारही रकाने व्यवस्थित. आणि उजव्या टोकाला: जबाबदार व्यक्ती. प्रेसवाल्याकडे जुनी फाइल होती, त्याने त्यातच नवीन रकाने बसवून दिले. परत पाठवायचं तर पैसे कोण देणार यावर ऑफिस आणि प्रेसचं चालू आहे.

जेवणाच्या सुट्टीत बघतो तर काका स्टँडजवळ चष्मा लावून बसलेले. हातात काळा मार्कर आणि लोखंडी पट्टी. एकेक पान घेऊन उजवा रकाना खोडत होते, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘गेज कुठं’ असं लिहीत होते. मी म्हटलं, “काका, द्या, मी करतो.” ते म्हणाले, “तू पळ, तुला कालिज हाय.”

चाळीस पानं झाली होती.